निरंक

ट्रेमधला गाळ खाली बसेपर्यंत दीक्षा ओव्हाळ उकिडवी बसून राहिली. घाई केली की अळ्या गाळाबरोबर नजरेआड होतात, हे तिला विद्यापीठात शिकवण्यात आले होते. त्याच्या कितीतरी आधी, याच उंबराखाली, चांगुणाआत्याने तिला तेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते: "पाण्याला आधी निजू दे, मग त्येच्यात कोन कोन ऱ्हातंय ते दिसतं."

आत्या आताही काठावरच्या दगडावर बसली होती. वय बहात्तरच्या पुढे, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, पण ट्रेमधली हालचाल तिला दीक्षाच्या आधी दिसे.

"ती बघ बिऱ्हाडी. कोपऱ्यात."

वाळूचे कण एकमेकांना चिकटवून बनवलेली बोटाच्या पेराएवढी नळी ट्रेच्या कडेने सरकत होती. नळीच्या तोंडातून सहा पाय आणि इवलेसे डोके बाहेर आले होते. आपले घर पाठीवर वागवणाऱ्या या अळीला शास्त्रीय नाव होते, आणि ते दीक्षाच्या प्रबंधात दोनशे तीन वेळा आले होते. बोरमाळवाडीच्या बौद्धवस्तीत मात्र तिला पूर्वीपासून बिऱ्हाडी म्हणत.

"अकरा," दीक्षाने तक्त्यात लिहिले.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतले अकरा ओढे तिने सहा वर्षांपूर्वी अभ्यासासाठी निवडले होते. दौंडच्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवी आणि सुटीच्या दिवशी स्कूटरला जाळी बांधून ओढ्यांवर जाई. सहा वर्षांत दहा ओढे तिच्या डोळ्यांदेखत बदलले. कुठे काठावरची करंज आणि निर्गुंडी तोडून ऊस पाण्यापर्यंत आणला गेला, कुठे पात्रातले गोटे उचलून बांधकामावर गेले. भांडगावच्या पुढे, महामार्गालगतच्या ओढ्यात आता फक्त लाल, दोऱ्यासारख्या अळ्या सापडत. त्यांना पाण्यात प्राणवायू नसला तरी चालतो. अकरावा ओढा हा. कवठे येमाईच्या फाट्यावरून चार किलोमीटर आत, बोरमाळवाडीच्या खालच्या अंगाला, उंबरापासून जुन्या सांडव्यापर्यंतचे दोनशे मीटर. काठात मुरते पाणी होते, त्यामुळे बाकीचा ओढा कोरडा पडला तरी हा तुकडा एप्रिलमध्येही वाहता असे. बाकीच्या दहा ओढ्यांचे काय बिघडले, हे या एका तुकड्याशी ताडून पाहिले तरच सांगता येत होते.

"हे कुंकू कुनी लावलं गं झाडांला?" आत्याने विचारले.

दीक्षाने वर पाहिले. उंबराच्या बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा होता. पुढच्या करंजावरही होता. सांडव्यापर्यंत सगळ्याच झाडांना तो ओढलेला होता आणि काठावर चुन्याची सरळ रेघ मारलेली होती.

*

"या, किड्यांच्या डॉक्टर," दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात उपसरपंच ज्ञानेशने तिचे स्वागत केले. सातवीपर्यंत दोघे एकाच वर्गात होते. आता त्याचा साडेतीन एकर शेवंतीचा मळा होता आणि खिशात दोन फोन. "कालच आत्याला म्हनलं, तुमची भाची आमच्यापेक्षा अळ्यांनाच जास्त भेटती."

"उंबराखाली खुणा कसल्या आहेत?"

"खोलीकरन. गुरुवारी मशिन येतंय. वरच्या बांधापासनं खाली नदीच्या तोंडापर्यंत, तीन मीटर खोल, आठ मीटर रुंद." तो खरोखर आनंदला होता. "तीन वर्सं मागं लागलो तवा मंजूर झालं. चाळीस हिरींना पाणी वाढंल, दीक्षा. तुमच्या वस्तीच्या हापशालापन."

"तेवढे दोनशे मीटर सोड."

"का?"

तिने समजावून सांगितले. गोटे, मुळे, सावली, वाहते पाणी. त्यातले काय काढले की कोण मरते. पात्र सरळ आणि खोल केले की पाणी साचते, पण ओढा उरत नाही. ज्ञानेशने ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता, आणि यामुळेच त्याच्याशी बोलणे अवघड होते.

"हे बघ," तो म्हणाला, "मी न्हाई म्हनत न्हाई. तालुक्याच्या साहेबांच्या पत्रातच अट हाय. गावच्या जैवविविधता नोंदवहीत एखाद्या जागेची विशेष नोंद असंल तर तेवढी जागा वगळायची. नोंद दाखव, मशिन मी सोता अडवतो. रश्मी मॅडम, ती वही काढा की."

ग्रामसेविका रश्मी उठली आणि तिने कपाट उघडले. तिचा हात फायलींवरून फिरत असताना दीक्षाला तिथून निघून जावेसे वाटले. वहीत काय आहे हे तिला पाहण्याची गरज नव्हती.

हिरव्या पुठ्ठ्याची वही टेबलावर आली. रश्मीने पाने उलटली. "ओढे व ओढ्याकाठचे जीव. हं. कीटक: निरंक. विशेष स्थळ: निरंक. जाणकार व्यक्ती: निरंक." तिने वर पाहिले. "अक्षर सुंदर आहे. नोंद घेणार, कु. दीक्षा ओव्हाळ. मॅडम, हे तुम्हीच?"

"हो," दीक्षा म्हणाली.

सात वर्षांपूर्वीचा मे महिना. एम.एस्सी.चा निकाल लागायचा होता. पुण्याच्या एका संस्थेने नोंदवह्या भरण्याचे काम घेतले होते आणि तिच्या वाट्याला एकोणीस दिवसांत नऊ गावे आली होती. ओढे कोरडे होते. आठ गावांत तिने ओढ्याच्या पानावर निरंक लिहिले आणि त्याचे तिला फारसे वाईट वाटले नाही. कोरड्या पात्रात दिसण्यासारखे काही नव्हतेच, असे स्वतःला सांगता येत होते.

नववे गाव तिचे स्वतःचे होते.

इथे काय आहे ते तिला ठाऊक होते. मे महिन्यातही उंबराखालची वाळू हातभर उकरली की झिरा लागतो, हे ठाऊक होते. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यात खालून हळूहळू पाणी पाझरते आणि ते वाटीवाटीने भरून घ्यावे लागते. आत्या लहान असताना गावची विहीर वस्तीला बंद होती. कायदा होऊन बरीच वर्षे झाली होती, पण कायदा विहिरीपर्यंत पोचला नव्हता. वस्तीचे पाणी ते झिऱ्याचे. आणि झिऱ्याचे पाणी रोज निराळे असे, म्हणून ते प्यावे की नाही हे बायकांना किड्यांवरून ओळखावे लागे. लांब पायांनी पाण्यावर सरकणाऱ्या निवळ्या असल्या तर पाणी भरायचे. बिऱ्हाडी दिसली तर लेकराला पाजायचे. लाल अळी दिसली की झिरा बुजवून दुसरा उकरायचा. सात-आठ वर्षांच्या मुलींना हे पाठ असे. दीक्षाने पुढे विद्यापीठात जलगुणवत्तेच्या जैविक निर्देशकांवर जे पहिले व्याख्यान ऐकले, त्यात तिला नवीन असे फार थोडे होते.

वहीत "जाणकार व्यक्ती" असा रकाना होता. त्याच्या पुढे "ज्ञानाचा स्रोत" असा आणखी एक होता. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे तेव्हाचे सरपंच, तलाठी आणि चार-पाच प्रतिष्ठित मंडळी बसली होती. त्यांनी तिला पहिल्यांदाच खुर्ची दिली होती, "ओव्हाळ मॅडम" म्हटले होते. स्रोत लिहायचा तर झिरा लिहावा लागला असता, आणि झिऱ्याबरोबर विहीरही. कुणीतरी हसत म्हणाले, "किड्यांचं काय लिवायचं, लिवा काहीबी." तेवीस वर्षांच्या दीक्षाने आपल्या सुंदर अक्षरात तीन वेळा निरंक लिहिले आणि चहा घेतला.

"दुरुस्ती करता येते," रश्मी आता म्हणत होती. तिला दीक्षाचा चेहरा दिसला असावा. "गावच्या जैवविविधता समितीची सभा घ्यावी लागेल. बुधवारी घेता येईल. मूळ नोंद चुकीची होती असं तुम्ही लिहून द्यायचं, आणि जाणकार व्यक्तीनं समितीपुढे सांगायचं."

"लिहून देते."

"बाकीच्या आठ गावांच्या वह्याही मग तपासायला निघतील," ज्ञानेश म्हणाला. तो धमकी देत नव्हता. मैत्रीने सांगत होता. "तुझी कॉलेजातली मुलाखत जूनमदी हाय ना?"

"आहे."

तिने कागद मागितला आणि उभ्यानेच लिहिले: सदर नोंद मी प्रत्यक्ष पाहणी न करता केली होती. सही केली, तारीख घातली.

*

बुधवारी अकरा वाजता आत्या इस्त्रीचे निळे लुगडे नेसून आली. समितीचे सात सभासद होते, पाच आले. अध्यक्षपदी मारुतराव होते; वय अठ्ठ्याहत्तर, पांढरे धोतर, खाली सांडव्याजवळ सहा एकर बागायत. त्यांच्या वडिलांच्या शब्दावर विहिरीचा दोर चाले, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते आणि कुणी बोलत नव्हते.

"बसा, चांगुणाबाई," मारुतराव म्हणाले. बाई हा शब्द त्यांनी आत्याच्या नावापुढे पहिल्यांदाच लावला असावा, कारण तो म्हणताना ते थोडे अडखळले.

आत्या खुर्चीवर बसली आणि बोलू लागली. कोणता किडा कुठल्या महिन्यात, कुठल्या दगडाखाली. चतुरासारखी बारीक टाचणी करंजाच्या कुठल्या मुळीत अंडी घालते. रश्मी भराभर लिहून घेत होती. ज्ञानेश फोन उलटा ठेवून ऐकत होता. "आरं तिच्या," तो मध्येच म्हणाला, "आमी त्यांला दगडं मारायचो."

"तुमी मारायचा. आमाला पाणी लागायचं," आत्या म्हणाली.

ज्ञानेश हसला. बाकी कुणी हसले नाही.

"पुढचा रकाना," रश्मी म्हणाली. "हे ज्ञान तुम्हाला कसं मिळालं?"

"झिऱ्यावर. आईनं शिकवलं. हिरीवर आमाला..."

"ते नगं," मारुतराव म्हणाले.

रश्मीने लिहिता लिहिता पेन उचलले.

"म्हंजी, ते खोटं हाय असं मी म्हनत न्हाई," मारुतराव खाली बघत म्हणाले. "मीबी तवा पोरगाच व्हतो. मला कुनी इचारलं न्हाई. पर ही वही जिल्ह्याला जाती, फुडं कुटं कुटं जाती. गावाचं नाव येतंय त्यात. किड्यांच्या वहीत हे कशापायी?"

"आप्पा, रकानाच आहे तो," दीक्षा म्हणाली. "आत्याला हे का माहीत आहे, याचं उत्तर दुसरं नाहीच."

"मग आत्याचं नावच नगं घालूस," दुसरा एक सभासद म्हणाला. "किडं लिव्ह समदं. जागा लिव्ह. जाणकार म्हनून आप्पांचं नाव घाल. त्यांचं रान हाय तिथं. रानात वावरून कळलं, झालं. कुनाला दुखायला नगं."

मारुतराव काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले.

ज्ञानेश दीक्षाजवळ वाकला. "ऐक. ठरावाला चार हात लागत्यात. ह्या वाटंनं चारी वर होतील. आत्याचं नाव घालून माझा येकटाच येईल. उद्या सकाळी सातला मशिन उतरतंय. तुला वहीत काय पायजे त्यापेक्षा वढ्यात काय पायजे ते बघ."

दीक्षाने आत्याकडे पाहिले. आत्या तिच्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिकडे ती बघत होती. काही बोलली असती तर बरे झाले असते. दीक्षाच्या मनात त्या क्षणी अकरा बिऱ्हाड्या होत्या, सहा वर्षांचे तक्ते होते, आणि नाव पुढेही घालता येईल, ओढा पुन्हा करता येणार नाही, असा एक विचार होता. विचार चुकीचा नव्हता. तिने विद्यार्थ्यांनाही तो तसाच शिकवला असता.

"लिहा," ती रश्मीला म्हणाली. "जाणकार व्यक्ती, मारुतराव."

चार हात वर झाले. सर्वांत उशिरा मारुतरावांचा झाला.

वस्तीकडे परतताना आत्या पुढे चालत होती. ओढ्याच्या उतारावर ती थांबली.

"दुसऱ्यांदा गं," ती म्हणाली.

"आत्या, मशिन उद्या..."

"तवाबी तू कचेरीत बसली व्हतीस. वही भराया आलीस म्हनून समद्या वस्तीला ठावं झालं. मला वाटलं, आता इचाराया येईल. मी चा ठिवला व्हता. दोनदा उकळला." ती पुन्हा चालू लागली. "दीक्षे, पाणी वाचलं, ब्येस झालं. मी काय वंगाळ म्हनत न्हाई."

*

गुरुवारी सकाळी यंत्र आले. चालक जालिंदर हा उरळीकडचा सभ्य गृहस्थ होता. ज्ञानेशने त्याला ठरावाची प्रत दाखवली आणि उंबरापासून सांडव्यापर्यंत लाल पट्ट्यांवर चुना फासला. "एक फांदी मोडणार नाही, मॅडम," जालिंदर म्हणाला, आणि त्याने शब्द पाळला. वरच्या बांधापासून उंबराच्या अलीकडे दहा पावलांपर्यंत त्याने तीन मीटर खोदले. मग यंत्र शेतातून वळसा घालून खाली नेले आणि सांडव्यापासून नदीच्या तोंडापर्यंत तीन मीटर खोदले. मधले दोनशे मीटर जसेच्या तसे राहिले, एखाद्या टेबलासारखे.

चौथ्या दिवशी दीक्षा तिथे गेली तेव्हा सांडव्याखालच्या नव्या कड्यातून, मुरुमाच्या थरातून, पाणी पाझरताना दिसले. स्वच्छ, गार पाणी होते. ते कुठून येते आहे हे तिच्या लगेच लक्षात आले. उंबराखालचा काठ ज्या पाण्यावर जगत होता, त्याला तीन मीटर खाली जाण्याची वाट मिळाली होती. हे तिला आधी कळायला हवे होते. बुधवारी तिने नावाचा विचार केला, जागेचा विचार केला. पाणी हद्द पाळत नाही, एवढी साधी गोष्ट वहीच्या नादात तिच्या ध्यानात आली नाही.

ती धावत ज्ञानेशकडे गेली. खालचे पन्नास मीटर तरी परत भरून घे, म्हणाली.

"आता?" ज्ञानेशने हात जोडले. "येडी का तू? हिरींना पाझर लागलाय लोकांच्या. हे भरलं तर मला उभं सोलतील. आन् ठरावात होतं तेवढं सोडलं की गं आमी."

जूनमध्ये काठावर रचलेला मुरूम वाहून आला आणि गोट्यांच्या फटींत बसला. ऑक्टोबरात नव्या चरांमध्ये पाणी उभे राहिले. हिरवे, खोल, न हलणारे. चाळीस विहिरींपैकी निम्म्यांचे पाणी खरोखरच वाढले. वस्तीच्या हापशालाही जोर आला. महाविद्यालयातील जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. मुलाखतीत दीक्षाला तिच्या लेखी कबुलीबद्दल दोन प्रश्न विचारले गेले आणि तिने दोन्हींची खरी उत्तरे दिली. दिवाळीनंतर उंबराजवळ ग्रामपंचायतीने हिरव्या रंगाचा फलक लावला: जैवविविधता संवर्धन स्थळ. खाली कीटकांची नावे होती, सगळी अचूक. बिऱ्हाडीही होती. आणि शेवटच्या ओळीत, जाणकार: श्री. मारुतराव.

जानेवारीत ती नेहमीप्रमाणे ट्रे आणि जाळी घेऊन गेली. आत्याला हाक मारली, पण आत्या गुडघ्याचे निमित्त सांगून आली नाही. उंबराची अर्धी पाने गळालेली होती. वाहत्या ओढ्याच्या जागी घोटाभर गढूळ पाणी होते. दीक्षाने जाळी फिरवली, ट्रेमध्ये रिकामी केली आणि गाळ खाली बसू दिला. बराच वेळ बसू दिला. मग मोजले. लाल अळ्या एकशे बावन्न. बाकीचे सगळे रकाने तिने एकेक करून, वाचून, भरले. प्रत्येकात शून्य घातले. तो दुसरा शब्द तिला लिहिता आला नाही.

परतताना ती वस्तीत थांबली. आत्या अंगणात मुगाच्या डाळीतले खडे वेचत होती. तिने मान वर न करता विचारले, "काय घावलं?"

"लाल अळ्या."

"निवळ्या?"

"नाहीत."

"बिऱ्हाडी?"

"एकही नाही, आत्या. सगळे दगड उलटून पाहिले. उंबराच्या मुळांत तरी राहिल्या असतील का? कुठे शोधू, सांग ना."

आत्याने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मला काय इचारतीस?" ती म्हणाली. "मारुतरावाला इचार. जाणकार त्येच हायती."